मोटारखान्याचा उंबरा

आमचे हे नांदेडला वकिली करत आणि मी मुदखेडला त्यांच्या वडिलांचं जेवणखाण बघत असे. मधे आगगाडीचं तासाभराचं अंतर. पूर्वी हे गुरुवारी संध्याकाळच्या गाडीनं आले की जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी काढून शनिवारी सकाळीच जायचे. निजामी सन १३५० फसलीत, दुसरी मोठी लढाई चालू असताना, त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि मुक्काम संपला. जुम्म्याला सकाळी यायचे, जेवायचे, ऊन कललं की निघायचे.

"मोटार रस्त्यावर ठेवून मला झोप लागत नाही. बकऱ्या टपावर चढतात," हे म्हणायचे.

बकऱ्या चढतात हे खरंच होतं, म्हणून मला भांडताही येईना.

"ही मोटार तुमची सवतच हाय बघा, बाई," भांडी घासता घासता साखराबाई म्हणाली. मी तिला गप्प बस म्हटलं आणि चुलीपुढं जाऊन रडले. मला माझा नवरा घरात हवा होता. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते कळलं असावं. मोजकं बोलणारा माणूस. एक दिवस त्यांनी उदगीरकडचा गवंडी मडिवाळप्पा बोलावला आणि घराशेजारच्या मोकळ्या जागेत सुतळी धरली.

"मोटारखाना बांधायचा. मग बघू कसा जातो तो."

लढाईमुळं पत्रा मिळेना, म्हणून कौलं घालायची ठरली. भिंतींवर पाणी मी स्वतः मारलं. दाराशी काम आलं तेव्हा मडिवाळप्पानं विचारलं, "मालक, उंबरा किती उंच धरू?"

"घराला आहे तेवढा," मामंजी म्हणाले.

कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. उंबरा नाही ते दार कसलं! बैलगाड्या अंगणात उभ्या राहतात. चाक दारातून आत न्यायची वेळ आमच्यात कुणावर आली होती? वीतभर उंचीचा काळा दगड बसला. मी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मनात म्हटलं, यांना आत घे आणि ठेवून घे.

पुढच्या जुम्म्याला हे आले. जेवण झाल्यावर मामंजींनी मोठ्या हौसेनं मोटारखान्याचं दार उघडलं. मोटारीची पुढची चाकं उंबऱ्याला लागली, ती गुरगुरली आणि बंद पडली. हे पोट धरून हसले. मडिवाळप्पा जीभ चावून उभा राहिला. बसवलेला, पुजलेला उंबरा उखडायचा नाही, असं मानणारे मामंजी त्या दगडाकडं नुसते बघत राहिले.

"फळ्या टाकल्या तर मोटारीचं पोट घासेल," हे म्हणाले. "राहू द्या, दादा. निघतोच मी."

सासऱ्यांपुढं मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. पदर सावरला आणि म्हणाले, "उंबरा काढा. पाप लागलं तर मला लागू दे."

मामंजींनी मान हलवली. मडिवाळप्पानं पहार घातली. दगड निघाला, मोटार आत गेली. मी धावत घरात जाऊन पुरणाची डाळ शिजत घातली आणि गादी उन्हात टाकली.

हे हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. मोटारीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"दादांनी लई बेस काम केलं. लढाईपायी चिठ्ठीवर मिळायचं ते पेट्रोलही आता बंद होणार, अन् नांदेडला मोटार उन्हात करपून राहिली. इथं सुखात राहील. तू अधूनमधून पुसत जा." खिशातून घड्याळ काढून पाहिलं. "साडेचारची गाडी आहे. निघतो."

"आता तर मोटार आत आहे," मी म्हणाले.

"हाव, आता घोर नाही," म्हणत ते जोडे शोधू लागले.

मी चुलीवरची डाळ उतरवली आणि दारात आले. सगळं बांधून झालं, पण राहा म्हणून मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं. ते रस्त्याच्या वळणावर गेले, दिसेनासे झाले, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "राहा ना हो."

ते फक्त मामंजींना ऐकू गेलं.