अख्खी नोट

पिशवीच्या आतल्या कप्प्यात नोट बोटांना लागली — ताठ, करकरीत, कडेला अजून धार... आहे. तिनं चेन लावली. मग पुन्हा उघडून चाचपली. आहे.

एरवी पैशांचं तिला काही वाटत नाही, म्हणजे फोनमधल्या पैशांचं. टिंग वाजलं की गेले; लेकीचे तिसरे बूट, चौथी पाण्याची बाटली, कधीच न घातलेल्या टोप्या — काही दुखत नाही, खुपत नाही. पण ही नोट... गेल्या थंडीत लेक तापानं फणफणलेली, औषधाच्या दुकानात फोन नेमका बंद पडलेला, मागची माणसं खोळंबलेली — शेवटी कुणा अनोळखी बाईंनी पैसे भरले. दुसऱ्याच दिवशी तिनं बँकेतून ही नोट आणली, आणि त्यानंतर ताप आलाच नाही. शिकल्यासवरल्या बाईनं यातून कोणता अर्थ काढू नये? तिनं नेमका तोच काढला. नोट अख्खी, तोवर लेक ठणठणीत.

"तुझी धाकटी लेकच ती," नवरा म्हणतो. "तिला कधी ऊन तरी दाखव!"

आणि आता बागेत, लाकडी घोड्यांच्या गोल पाळण्यापुढे, लेक एका घोड्याच्या पायाला मिठी मारून बसलेली आणि पाळणेवाला सांगतोय, "फोनवरून नाही चालत, ताई. रोख द्या."

"माझ्याकडे मोठीच नोट आहे." हे म्हणताना तिला केवढा आधार वाटला — आता तो नाही म्हणेल, आणि मी सुटले...

"असू दे की! सुट्ट्यांनी खिसा फाटायला आलाय माझा. आणा इकडं."

देऊ? चार गिरक्यांसाठी? आणि संध्याकाळी अंग तापलं तर —

"आई, घोड्याला भूक लागलीय," लेक इतक्या गंभीरपणे म्हणाली की तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच हात पुढे झाला.

परत आलेल्या नोटा मऊ, मळक्या, कुणाकुणाच्या हातांतून फिरून आलेल्या. गंमत म्हणजे, या जपून ठेवाव्यात असं वाटेचना.

"अजून एक तिकीट द्या," ती म्हणाली. "माझं."

"बसा, बसा. घोडा कुरकुरत नाही."

पाळणा फिरू लागला. झाडं, बाक, पाळणेवाला, पुन्हा झाडं... सवयीनं तिचा हात लेकीच्या कपाळाकडे गेला — गार, वाऱ्यानं गार — आणि काढायचा राहूनच गेला. उद्या बँकेत जाईन का मी? जाईन बहुतेक. किंवा...

"आई, अजून जोरात!" लेक ओरडली, आणि तीही ओरडली, लेकीहून मोठ्यानं.