शेजाऱ्याच्या दारात टाकलेलं पत्र

घर विकायला काढलं की आमच्याकडे वकील एक फॉर्म पाठवतो. छत गळतं का, पाइप कुठून जातात, पडदे ठेवून जाणार की घेऊन जाणार, सगळं लिहून द्यायचं. त्यातच एक प्रश्न असतो: शेजाऱ्याशी काही वाद किंवा तक्रार, आत्ता किंवा पूर्वी? खोटं लिहिलं आणि घेणाऱ्याला नंतर कळलं, तर तो कोर्टात खेचतो. म्हणून लार्च क्लोज या आमच्या गल्लीतल्या अकरा घरांत कुणी कुणाविरुद्ध अवाक्षर लिहीत नाही. शेजारचा कुत्रा दिवसभर भुंको, कुणी आपल्या फाटकासमोर गाडी लावो, आपण हसून 'आज हवा बरी आहे' म्हणायचं. अळीमिळी गुपचिळी, आणि घराची किंमत शाबूत.

मी एकदा लिहिलं होतं.

तरी त्या प्रश्नापुढे मी 'नाही'वर खूण केली आणि फॉर्म पाकिटात घातला. बुधवारी तो वकिलाच्या हातात हवा होता, कारण शुक्रवारी करार व्हायचे होते. करारावर सह्या होईपर्यंत इथे कुणीही, काहीही कारण न देता अंग काढून घेऊ शकतो. आमचं घर जोडी नावाची मुलगी आणि तिचा नवरा कीरन हे तरुण जोडपं घेणार होतं आणि त्याच दिवशी आम्ही मिल रोडवरचं बैठं घर घेणार होतो. माझ्या नवऱ्याला, लेनला, कंपवात आहे. दोन वर्षांत तो जिना चढलेला नाही. पुढच्या खोलीत पलंग टाकलाय, तिथेच तो झोपतो, तिथेच बाई येऊन त्याला ओल्या कपड्याने पुसून जाते. बैठ्या घरात त्याला खुर्चीसकट आत नेता येईल अशी न्हाणी होती. मालकिणीने स्पष्ट सांगितलं होतं, शुक्रवार चुकला तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

मंगळवारी दुपारी जोडी आणि कीरन खिडक्यांची मापं घ्यायला आले. टेप गुंडाळता गुंडाळता जोडी म्हणाली, "आम्ही जरा शेजारी डोकावून येतो. माझी आई म्हणते, घर घ्यायच्या आधी शेजाऱ्याच्या हातचा चहा प्यावा."

"डग्लसकडे? तो फारसा कुणाशी बोलत नाही गं," मी म्हणाले.

"मग तर जायलाच हवं," कीरन हसला.

ते गेले आणि मी स्वयंपाकघरात उभी राहिले. चोराच्या मनात चांदणं. खिडकीतून दिसायची ती फक्त डग्लसच्या कुंपणाची झाडं, पंधरा फूट उंच, भिंतीसारखी. याच झाडांनी माझ्या स्वयंपाकघरातला उजेड खाल्ला होता. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी दिवा लावून अंडी उकडताना माझं डोकं फिरलं आणि मी पत्र लिहिलं. शेजारचं दार वाजवून तोंडाने सांगायचं सोडून चिठ्ठी टाकायची, ही आमच्या लोकांची जुनी खोड. पण माझी चिठ्ठी नुसती चिठ्ठी नव्हती. 'कायदेशीर इलाज करावा लागेल' असं त्यात होतं, आणि खाली सही होती लेनची. बायकोच्या सहीला कोण भीक घालतो, असं मला वाटलं. डग्लसची बायको जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

जोडी आणि कीरन चाळीस मिनिटं आत होते. मी तीनदा किटली चढवली आणि तीनदा बंद केली. शेवटी ते बाहेर आले, माझ्याकडे हात हलवला आणि थेट गाडीत बसून गेले. मला वाटलं, संपलं सगळं.

अर्ध्या तासाने दार वाजलं. दारात डग्लस होता. बारा वर्षांत पहिल्यांदा. हातात माझं पत्र.

"त्यांना दाखवलंत?" मी विचारलं.

"मी असा वाटलो तुम्हाला?" तो म्हणाला. "त्यांना बिस्किटं दिली. शेजारी चांगले आहेत म्हणालो. लेन आहे का आत? तुम्ही चाललात, जायच्या आधी त्याला एकच विचारायचंय."

"त्याला बरं नाहीये. आत्ता नको."

"कोण आहे गं?" आतून लेनचा आवाज आला. "डग्लस? अरे, आत ये की."

मी दार अडवायच्या आत डग्लस माझ्या बाजूने आत गेला आणि पलंगासमोर उभा राहिला.

"लेन, झाडं काप म्हणाला असतास तर त्याच दिवशी कापली असती," तो म्हणाला. "दर रविवारी कालव्यावर शेजारी शेजारी गळ टाकून बसायचो आपण. तिथे बोलायचंस की. वकिलाची धमकी कशाला दिलीस?"

"कसली धमकी?"

डग्लसने पत्र त्याच्या मांडीवर ठेवलं. लेनच्या हातात कागद थरथरत होता, म्हणून त्याने तो पांघरुणावर दाबून धरून वाचला. खूप वेळ वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"ही माझी सही नाही."

"मी केली," मी म्हणाले.

"तू मला सांगितलंस, बायको गेल्यापासून त्याला माणसं नकोशी झालीत. त्याला त्रास देऊ नकोस म्हणालीस."

"हो."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. तो गिळून मी स्वयंपाकघरात गेले, पाकीट फाडलं, 'नाही' खोडलं आणि 'हो' लिहिलं. पुढे लिहिलं: 'एक पत्र, झाडांबद्दल. लिहिणारी मी. शेजाऱ्याची चूक नाही.' मग तिथूनच जोडीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. लेनसाठी शोधून काढलेलं बैठं घर या एका फोनने हातचं जाऊ शकत होतं. पण खोट्यावर ते घेतलं असतं तर त्या घरात मला लेनच्या तोंडाकडे बघता आलं नसतं.

पलीकडे जोडी कीरनशी काहीतरी कुजबुजली.

"ती मोठी झाडं ना?" ती मग म्हणाली. "डग्लसनी आम्हाला आपणहून विचारलं, कापू का म्हणून. आम्हाला घर हवंय हो. फॉर्म पाठवा."

मी पुढच्या खोलीत परतले तेव्हा डग्लस गेला होता. पत्र पांघरुणावरच होतं.

"घर मिळतंय," मी लेनला सांगितलं. "शुक्रवारी सह्या."

"इथून किती लांब ते?"

"अडीच मैल."

"डग्लसने गाडी विकली. आत्ता सांगत होता. डोळे गेलेत त्याचे." लेनने आपल्या पायांकडे बघितलं. "इथे त्याच्या दारापर्यंत पंधरा पावलं होती, रॉझ. आणि तेव्हा मला चालता येत होतं."