रिंगणातला सोफा

आमच्या सासरी मोकळी जागा कुणाला बघवत नाही. भिंत दिसली की खिळा, कोपरा दिसला की कपाट. तरीही पागेशेजारी मी छपराखालचं रिंगण बांधलं. आत काही नाही. खाली मऊ वाळू, वर पत्रा. घोड्यावर बसायला शिकवायचं तर असंच लागतं.

"केवढी जागा वाया घालवलीत, वहिनी!" धाकटे दीर पहिल्याच दिवशी म्हणाले. मी हसले. तिथेच चुकलं.

पुढे त्यांनी घर बदलायला काढलं. एकदा मी बाजारातून चारा घेऊन परत येते तो रिंगणात सोफा, पलंग, शोकेस आणि सागवानी जेवणाचं टेबल. टेबलावर खुर्च्या, पाय वर करून निवांत.

"नव्या घराची किल्ली मिळेपर्यंत, दोन दिवस," नवरा म्हणाला. म्हणजे त्याला माहीत होतं.

आमची घोडी पायाने अधू झाली होती. नवशिक्या पोरांना पाठीवर घेऊन चालावं तर तिनेच, बाकीचे चारही घोडे नग आहेत. तिच्यावरच माझी शिकवणी चालते. पुढच्या पायाची शीर सुजलेली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज मऊ वाळूवर हळू चालवा. बाहेरच्या चिखलात घसरली तर जन्माची लंगडी.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. मी दिरांना फोन केला.

"भावजी, घोडी फिरवू कुठे?"

"अहो वहिनी, घोडी ती! जंगलात काय छप्पर असतं का?"

मग जाऊबाईंनी फोन घेतला. "ताई, सोफ्यावर तेवढी चादर टाका हं. घोड्यांचा वास लागतो हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. त्याने पेपर खाली केला नाही.

"धाकटा आहे गं तो. समजून घे. त्यांच्या सामानाला हात लावायचा नाही, एवढं कबूल कर."

"नाही लावत हात," मी म्हणाले. शब्द म्हणजे शब्द.

त्या चार नगांपैकी एका म्हाताऱ्या घोड्याला आम्ही सुतार म्हणतो. कंटाळा आला की तो लाकूड कुरतडतो. त्याच्यापायी पागेच्या प्रत्येक दाराच्या कडेला पत्रा ठोकलाय. चिखलात उभं राहून तो भलताच कंटाळला होता. मी रिंगणाचं फाटक उघडलं, त्याला आत सोडलं आणि चहा टाकायला गेले. रोज तेवढंच करत राहिले.

रविवारी दीर-जाऊ शोकेसमधल्या बशा न्यायला आले. टेबलाच्या कडेला दातांची नक्षी उमटली होती. दोन खुर्च्या वाळूत लवंडल्या होत्या. सोफ्यावर ढुंगण घासून घासून सुताराने आतला कापूस बाहेर काढला होता. चादर मात्र मी टाकली होती.

"वहिनी! हे काय?"

"मी हात लावलेला नाही, भावजी."

"सागवान आहे हो हे!"

"त्याला कळतं. प्लायवूडला तो तोंड लावत नाही."

"पण घोड्याला आवरायचं कुणी?"

"अहो भावजी, घोडा तो! जंगलात काय फर्निचर असतं का?"

जाऊबाई काहीतरी बोलणार होत्या. सुताराने त्यांच्या पर्सच्या लाकडी मुठीकडे मान वळवली, तशा त्या गाडीत जाऊन बसल्या. ट्रक त्याच संध्याकाळी आला. किल्लीही मिळाली म्हणे.

मी घोडीला आत आणलं. दुखरा पाय वाळूवर टेकला की ती मान वर झटकायची. सोफा यायच्या आधी इतकी झटकत नव्हती. कठड्याला रेलून नवरा बघत होता.

"बघ, नेलंच ना शेवटी त्यांनी? उगीच रक्त आटवत होतीस."

मी घोडीला पुढे चालवलं. घोडीची मान पुन्हा वर गेली.

"आता एवढं मोकळं झालंच आहे तर," तो म्हणाला, "त्या कोपऱ्यात माझं पुस्तकांचं कपाट..."

"लाकडी आहे का?" मी विचारलं.