बदकाच्या पावलाचा खुंटा

घंटा वाजायला लागली आणि मी खारवून धुरी दिलेला डुकराच्या चरबीचा पट्टा खांद्यावर टाकून टेकडी चढायला धावले.

"विओरिका, जपून! पडलीस तर गाव म्हणेल, डुकरानं सूड घेतला," नेलू फाटकातून ओरडला. नवरा आहे, मदत करणार थोडीच.

आमचा किल्ला राजाचा नाही, गावानं बांधलेला. पूर्वी तातार लुटायला आले की गाव कोंबड्यांसकट वर पळायचं, आणि वेढ्यात उपाशी मरू नये म्हणून घरोघरची चरबी आधीच बुरुजात टांगलेली असायची. तातार गेले, सवय राहिली. अजूनही रविवारी घंटा वाजते तोवर बुरुजाचं दार उघडं असतं. लोक जाऊन आपापला तुकडा कापून आणतात. चरबी टांगायच्या प्रत्येक खुंट्यावर घराची खूण कोरलेली. आमच्या घराच्या चौकटीवर बदकाचं पाऊल आहे, तसंच एका खुंट्यावरही. तो मात्र रिकामा. हे घर मुळात माथियासचं, इथल्या जुन्या जर्मन वंशाच्या सॅक्सन माणसाचं. तो जर्मनीला गेला, आम्ही विकत घेतलं. पाव शतक होत आलं, तरी गावाच्या लेखी मी 'माथियासच्या घरातली बाई'.

आणि गेल्या रविवारी किल्ली सांभाळणाऱ्या रेगिनामावशीनं जाहीर केलं, "पुढच्या रविवारी घंटा थांबायच्या आत रिकाम्या खुंट्यावर जो चरबी टांगेल, त्याचा तो खुंटा. उरलेले उपटणार."

वळणावर पोचले, तर पुढे खुद्द माथियास! पुतणीच्या लग्नाला आलेला. बगलेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दुकानातली चरबी.

"माझ्या आजोबांचा खुंटा आहे तो!" तो धापा टाकत म्हणाला.

"मग पळा की आजोबांसारखं!"

"मला गुडघे आहेत, बाई!"

"मला नाहीत वाटतं?"

तो हसला, तिथंच अडखळला, आणि मी पुढे निघाले. वर घंटा मंदावत चाललेली. दोर मावशीच ओढते. तिचे हात थकले की दार बंद. "मावशे, अजून चार टोले!" मी बोंब ठोकली. दिंडीदरवाजातून आत, अंगण ओलांडून बुरुजात. झरोक्याखाली खोल दरी, डोक्यावर काळ्या तुळया, आणि धुराचा तो वास! पट्टा खुंट्यावर चढवला.

माथियास दारात पोचला तेव्हा घंटा थांबली होती.

"मावशी, खुंटा आमचा आहे. तूच सांग हिला."

मावशी हात चोळत आली. "उद्या तातार आले तर तू कुठं असशील, माथियास?"

"स्टुटगार्टला."

"आणि ही?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. केस पिंजारलेले, खांद्यावर चरबीचा डाग. "ही तटावर उभी राहून त्यांना शिव्या देत असेल," तो म्हणाला आणि मटकन पायरीवर बसला.

मावशीनं खिशातून लाकडी ठसा काढून माझ्या हातात दिला. कापलेल्या कडेवर घराची खूण उमटवायची, म्हणजे कुणी चोरून कापलं तर कळतं. मी एक तुकडा कापून माथियासला दिला आणि पट्ट्याच्या कडेवर ठसा टेकवला.

"उलटा धरलायस," तोंडात घास असतानाच माथियास म्हणाला. "पावलाची बोटं वर."

मी ठसा फिरवला आणि अंगातला सगळा जोर लावून दाबला.