पळायचा धडा

“सर, एवढं वाचत काय बसलात? सह्या करा,” असं म्हणून मेहुलने बावीस प्रमाणपत्रांचा गठ्ठा विश्राम राऊतांच्या पुढ्यात ठेवला.

मेहुल बोईसरच्या त्या कौशल्य केंद्राचा व्यवस्थापक. वय सव्वीस, शर्टाला कडक इस्त्री आणि तोंडी सतत ‘टार्गेट’. विश्राम तिथले शिकवणारे सर. मूळचे माकुणसारचे, तारापूरच्या कारखान्यांत एकतीस वर्षं काढलेले, निवृत्तीनंतर घरात करमेना म्हणून इथे आलेले. केमिकल प्लांटवर काम कसं करायचं, हे ते पाड्यांवरून आलेल्या मुलींना शिकवत. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा होता आणि झाले होते जेमतेम पाच आठवडे.

“अरे, रसायनं शिजतात तो रिअॅक्टर या पोरींनी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही,” विश्राम म्हणाले. “मी शिकवतोय प्लॅस्टिकच्या पिंपावर. त्यात पाणी. पाण्यात चूक झाली तर फार तर फरशी ओली होते.”

“कंपनीला दसऱ्याच्या आत माणसं हवीत. आपण नाही दिली तर दुसरीकडून घेतील. मग या मुलींना नोकऱ्या तुम्ही देणार का?”

विश्रामांनी गठ्ठा खणात टाकला. पण मधल्या सुट्टीत सपना हाडळ आली. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी ती. प्रश्न विचारताना उभी राहायची आणि उत्तर पटल्याशिवाय बसायची नाही.

“सर, सही करा ना,” ती म्हणाली. “दिवाळी झाली का आमचा सगळा घर भिवंडीकडं वीटभट्टीवर जातो. बारावी झाली तरी मी बी जाते. या खेपेला नाय जायचा मला.”

“तुला या कामाची भीती नाही वाटत?”

“भट्टीची वाटते.”

विश्रामांनी बावीसच्या बावीस सह्या केल्या.

त्या दुपारी त्यांनी पुस्तकात नसलेला एक धडा घेतला. “प्रेशरचा काटा लाल रेषेच्या पुढे गेला तर काय करायचं? पुस्तक सांगतं, वरिष्ठांना कळवा. परीक्षेत तेच लिहा. खरं मी सांगतो. ओरडायचं आणि पळायचं. वारा येतो त्या बाजूला. मागे बघायचं नाही, डबा उचलायचा नाही.”

मुली हसल्या. मग विश्रामांनी त्यांना चंद्रभानची गोष्ट सांगितली. चंद्रभान त्यांचा बारा वर्षांचा जोडीदार. काटा लाल रेषेच्या पुढे गेलेला पाहून त्याने काचेवर नखाने टिचकी मारली आणि ‘खोटा दाखवतोय’ म्हणाला. विश्राम तेव्हा पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले होते, म्हणून आज शिकवत होते. आता कुणी हसलं नाही. त्यांनी सगळ्यांना आवारात नेऊन चार वेळा पळवलं. सपनाची मैत्रीण स्वाती चारही वेळा मध्येच थांबली आणि ओढणी सावरत राहिली, तेव्हा ते तिच्यावर चांगलेच खेकसले.

मुली कुंभवलीच्या पुढच्या एका कारखान्यात लागल्या. दसरा झाला, आणि तिसऱ्या दिवशी सपना केंद्राच्या दारात उभी.

“सर, मी पळाली,” ती म्हणाली.

विश्रामांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग तिने सगळं सांगितलं.

खंडेनवमीला प्लांट धुऊन काढला होता, रिअॅक्टर मात्र चालूच ठेवला होता. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. पूजा म्हणून सगळ्यांचे बूट दाराबाहेर. शेठ स्वतः आले होते. सुपरवायझर म्हणाला, मुलींनो, हळदीकुंकू लावा. मुलींनी रिअॅक्टरला बोटं ओढली, मोटारीला लावलं, आणि कुणीतरी भक्तिभावाने काट्याच्या काचेवरही ओल्या कुंकवाचा मोठा टिळा लावला.

“आरती चालू हाय, नि मला काटाच दिसं ना,” सपना म्हणाली. “मी ओढणीनं काच पुसली. काटा लालच्या पुढं. मी वरडली नि पळाली, तशीच अनवाणी. माझ्यामागं धा-बारा पोरी. स्वाती नाय आली. ताट धरून उभी रायली.”

“मग?”

“काय नाय झाला. सायबानं काट्यावर पाना आपटला, काटा खाली आला. शेठ बोलला, पूजेच्या टायमाला अपशकून केला. बाकीच्यांना आत घेतला. मला बोलले, उद्यापासून येऊ नको.”

तिच्या पाया पडावं असं विश्रामांना वाटलं. त्यांच्या एकतीस वर्षांत असं धाडस त्यांनी एकदाही केलं नव्हतं.

“बरं केलंस, पोरी.”

“बरा कसा, सर? आता ट्रक येल नि मी जाईन भट्टीवर.” तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. “स्वातीला सांगा तुमी. तिला आता रिअॅक्टरवरच ठेवलाय. माझा ऐकत नाय.”

“आणि तो काटा?”

“काढला. खोटा दाखवतो म्हणं. त्या भोकात बोल्ट बसवलाय.”

विश्रामांनी तिथूनच स्वातीला फोन लावला.

“सर, मला कायम करणार हायेत,” स्वाती हळू आवाजात म्हणाली. “सपना पळाली, तिला काय भेटला? तुमी नका येऊ इकडं. मी तुमची इद्यार्थी हाय, ते आता सांगायला बी भीती वाटते.”

विश्रामांनी कारखाना निरीक्षकाच्या कचेरीत तक्रारीचा अर्ज दिला. पोच मिळाली, पुढे काही कळलं नाही. मेहुलने नवी तुकडी त्याच कारखान्याला द्यायचं ठरवलं, तेव्हा ते त्याच्यावर ओरडले, सही करणार नाही म्हणाले आणि केंद्र सोडलं.

“नका करू, सर,” मेहुल शांतपणे म्हणाला. “तुमची सही कॉम्प्युटरमध्ये आहे.”

तेव्हापासून विश्राम रोज दुपारी तीनच्या आधी त्या कारखान्याच्या गेटसमोर येऊन उभे राहत. पहिली शिफ्ट सुटे. स्वाती बाहेर येई, त्यांना पाहून तोंडावर ओढणी घेई आणि रिक्षात बसे. ती दिसली की ते घरी परतत. लोक हसत असतील तर हसोत, त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

परवा स्वाती रिक्षात बसून गेली आणि ते वळणार, एवढ्यात एका मुलीने त्यांना थांबवलं. अठरा-एकोणीसची, नवे बूट, हातात प्लॅस्टिकची फाइल.

“काका, शेकंड शिफ्टला जायचा गेट ह्योच काय?”

फाइलमधून प्रमाणपत्र दिसत होतं. नाव किंजल. खाली विश्राम राऊत, प्रशिक्षक. मुलीला त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“बाळ, थांब जरा, आत तो रिअॅक्टर—”

“पयला दिवस हाय, काका. उशीर नको,” असं म्हणून ती हसली आणि वॉचमनला फाइल दाखवून आत गेली. तिच्यामागून आणखी आठ-नऊ जणी गेल्या.

गेट बंद झालं. ती शिफ्ट रात्री अकराला सुटणार होती. विश्राम समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर जाऊन बसले. त्यांनी बायकोला फोन लावला आणि जेवायला आपली वाट बघू नकोस, असं सांगितलं.