वीतभर तिरकी भिंत

चाळीस वर्षांत आपण केलेल्या एकाही कपाटाचं दार कुरकुरलं नाही, हे दादामिस्त्री कुणालाही सांगत. समोरच्यानं विचारलेलं असो वा नसो. काटकोन तपासायचा गुण्या फळीच्या कोपऱ्यात चपखल बसला की त्यांचा हात आपसूक मिशीवर जायचा.

त्यामुळे तळघरात बायकोसाठी गाणं ऐकायची खोली करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाला एक खिळा ठोकू दिला नाही. बायकोनं तीस वर्षं रेडिओ केंद्रात लोकांची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. "चांगलं ऐकलं ते ऑफिसात," ती म्हणायची, "घरी काय, तर मिक्सर आणि तुमची करवत." ते दादामिस्त्रींच्या मनाला लागलं होतं. "टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी खोली देतो तुला," असा शब्द देऊन ते कामाला लागले.

पाच महिने खपले. मूळ भिंतींपासून सुटा लाकडी सांगाडा, त्यात ठासून भरलेली खनिज लोकर, वर दुहेरी फळ्या, दाराच्या कडांना रबर. दार लावलं की रस्त्यावरचा ट्रकसुद्धा मुका व्हायचा. आणि भिंती तर इतक्या सरळ की बघत राहावं. पहिल्या दिवशी बायकोनं एक गाणं ऐकलं आणि "छान झालीय हो" म्हणाली. मग काय! पोस्टमनपासून मीटर बघायला आलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना त्यांनी हाताला धरून तळघरात नेलं.

तिसऱ्या आठवड्यात ते बाजारातून परत आले, तर बायको स्वयंपाकघरात जुन्या छोट्या रेडिओला कान लावून मटार सोलत बसलेली.

"खाली का नाही बसत?"

"जिना उतरायचा कंटाळा येतो," असं म्हणून ती घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. खोटं बोलली की ती हेच करायची.

"खरं सांग."

"अहो, तुम्ही एवढे राबलात..."

"खरं सांग म्हटलं ना!"

ती त्यांना खाली घेऊन गेली आणि खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं एक टाळी वाजवली. टाळी संपली, पण आवाज काही संपेना. दोन भिंतींमध्ये तो टरटरत राहिला.

"भिंती अगदी समोरासमोर आहेत. आवाज इकडून तिकडे आपटत राहतो, शब्दच स्वच्छ येत नाही."

"मग गाद्या लटकवू."

"त्यानं आवाज मरेल. एक भिंत तिरकी हवी. वीतभर."

भर चौकात कुणी कानाखाली वाजवावी तसं दादामिस्त्रींना झालं. तिरकी! दोन दिवस ते तळघराकडे फिरकले नाहीत. पण भिंतीपेक्षा त्यांना जास्त लागलं ते हे, की आपलं मन राखायला बायको आपल्या हक्काच्या खोलीला मुकली होती. तिसऱ्या दिवशी ते पहार घेऊन खाली उतरले.

पाडणं सोपं गेलं. घोडं अडलं ते पुढे. सकाळी सांगाडा तिरका उभा करावा आणि संध्याकाळी मोजावा, तर सरळ! ठोकता ठोकता हातानंच तो गुपचूप काटकोनात आणलेला असायचा. दोनदा असं झालं. शेवटी त्यांनी गुण्या बायकोच्या हातात दिला. "हा कपाटात टाक आणि किल्ली तुझ्याकडेच ठेव. आणि ये, दोरीचं एक टोक धर."

तिनं दोरी धरली, त्यांनी खिळे ठोकले. ती "अजून थोडी" म्हणायची, ते घाम पुसत सरकवायचे. भिंत आणखी वाकडी करा, असं त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

काम झालं तशी तिनं स्वतः केलेलं एका गायिकेचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. गाणं सुरू व्हायच्या आधीच ती खुर्चीत पुढे सरकली.

"ऐकलंत? गाण्याआधी तिनं श्वास घेतला. स्टुडिओत ऐकला होता, त्यानंतर आज ऐकतेय. समोर उभी असल्यासारखी वाटतेय हो." तिचे डोळे भरून आले. त्या दिवशी ती जेवायलासुद्धा वर येईना. दादामिस्त्रींनी ताट खाली नेऊन दिलं आणि त्यांना इतका आनंद झाला की स्वतः जेवायचं विसरले.

रविवारी धाकटा भाऊ आला. तोही सुतार, दादांच्याच हाताखाली शिकलेला. खोलीत शिरताच त्यानं एक डोळा मिटून भिंतीवर नजर टाकली आणि हसायला लागला.

"दादा, अरे भिंत वाकडी! नजर गेली की काय तुझी?"

"भाऊजी, ती मुद्दाम..." बायको सांगायला गेली, पण दादामिस्त्रींनी तिला हातानं थांबवलं.

"वाकडीच आहे," ते छाती पुढे काढून म्हणाले. "चांगली वीतभर. तुझ्या वहिनीनं दोरी धरली, म्हणून मला जमली. तुला नाही जमायची."