रकान्याचा सोनेरी काटा

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. पण आमच्या बिरादरीत तेवढ्यात पणजोबा होतात. वेबसाइटवरच्या फॉर्मात ‘किती वाजता येणार?’ असा प्रश्न असतो ना, त्याच्यापुढे मी बसतो.

इतर रकाने आयते मिळतात. मला मात्र वेबसाइट बनवणाऱ्या एका हुशार सूनबाईंनी खास घडवलं. नुसती चौकट त्यांच्या मनात भरेना. त्यांनी मला गोल तबकडी दिली आणि तिच्यावर एक नाजूक सोनेरी काटा बसवला. बोट टेकवून काटा फिरवायचा, हवी ती वेळ आली की सोडायचा. मी इतका देखणा होतो की ऑफिसातले लोक काम टाकून मला फिरवत बसायचे.

माझी नेमणूक झाली हाताच्या दुखण्यांच्या दवाखान्यात. प्लॅस्टरमधून सुटलेली मनगटं, आखडलेली बोटं, थरथरणारे पंजे तिथे व्यायामाला येत. अशा हातांपुढे नाजूक काटा ठेवू नये, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी आपला चमकत होतो.

मग काटा भलतीकडेच थांबू लागला आणि लोक भलत्याच वेळी उगवू लागले. एक गृहस्थ तर उजाडायच्या आत येऊन दाराच्या कुलपाकडे बघत बसले. दोष मात्र सगळे आपल्या हाताला देत, त्यामुळे माझी अब्रू शाबूत राहिली.

एके दिवशी सूनबाईंच्या सासूबाईंचाच उजवा हात प्लॅस्टरमधून मोकळा झाला. त्या व्हायोलिन शिकवत. आताच व्यायाम सुरू केला नाही तर बोटं अशीच राहतील, गज पुन्हा धरता येणार नाही, असं त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सासूबाई मोबाइल घेऊन बसल्या. साडेचारची वेळ हवी होती. काटा सातावर गेला. मागे आणला, तर अकरावर.

“आई, अलगद फिरवा ना!” सूनबाई म्हणाल्या.

“अगं, अलगद फिरवता आलं असतं, तर दवाखान्यात कशाला जाते? तुझ्या हातची भाजी चुकवायला?”

सूनबाई हसणार होत्या, पण सासूबाईंनी मोबाइल पालथा ठेवला होता.

“राहू दे. वाजवलं तेवढं पुष्कळ झालं.”

त्याच दुपारी सूनबाईंनी माझा काटा उपटला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? उरली एक साधी, रुंद चौकट. पण तिला त्यांनी अक्कल दिली. ‘४.३०’ लिहा, ‘साडेचार’ लिहा, नाहीतर नुसतं बोला. मी समजून घेतो आणि ठसठशीत अक्षरांत विचारतो, ‘दुपारी साडेचार, बरोबर?’

सासूबाईंनी डाव्या अंगठ्याने वेळ लिहिली. “आता कसा माणसात आलास!” त्या मला म्हणाल्या.

काटाही वाया गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी तो मागून घेतला. “हा व्यायामाला ठेवू. इतका अवघड प्रकार आमच्याकडे दुसरा नाही,” असं त्या म्हणाल्या. ही मी शाबासकी समजतो.

परवा दवाखान्यातल्या टॅबवर सासूबाईंनी तो काटा उजव्या बोटाने फिरवला. सातावर गेला नाही, अकरावर गेला नाही. साडेचारावर येऊन निमूट उभा राहिला. सूनबाईंनी पदर नसल्यामुळे बाहीनेच डोळे पुसले.

“रडतेस काय? घरी जाऊन गज काढ माझा.”

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी घडवाल. देखणं जरूर घडवा. फक्त मिरवण्याआधी ते घरातल्या सर्वांत दुखऱ्या हातात देऊन बघा.